कंठ फुटण्याचा अपराध

लहान मुलांच्या गायनवृंदांचा इतिहास बहुधा एकाच वळणाने लिहिला जातो. काही मुले एकत्र येतात, गातात, लोकप्रिय होतात. मग ती मोठी होतात, त्यांच्यात बेबनाव होतो आणि वृंद फुटतो. अमेरिकेतील ‘जॅक्सन फाइव्ह’ची कथा या वळणाने सांगता येते. तेथे वृंद म्हणजे विशिष्ट पाच भाऊ होते. १९७५ मध्ये त्यांनी मोटाउन ही ध्वनिमुद्रण कंपनी सोडली तेव्हा नाव कंपनीकडे राहिले आणि माणसे ‘द जॅक्सन्स’ या नव्या नावाने गाऊ लागली. नाव आणि माणूस यांची फारकत झाली, पण श्रोते गेले ते माणसांच्या मागे. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर १९७७ मध्ये एद्गार्दो दिआस या निर्मात्याने स्थापन केलेल्या ‘मेनुदो’ या वृंदाची कथा मात्र या वळणात बसत नाही. हा वृंद मुळी फुटूच नये अशा बेताने रचलेला होता. त्यामुळे त्याच्या उदयास्ताचा विचार करताना एक वेगळाच नैतिक प्रश्न पुढे येतो, आणि तो संगीताच्या इतिहासापुरता मर्यादित राहत नाही.

वृंदाचा नियम साधा होता. पाच मुले असतील. मुलगा सोळा वर्षांचा झाला, त्याचा आवाज बदलला, दाढीमिशा दिसू लागल्या किंवा तो फार उंच झाला, की तो बाहेर पडेल आणि त्याच्या जागी दुसरा, लहान मुलगा येईल. पहिल्या पाचांत मेलेंदेस कुटुंबातील तीन आणि सायाबेरी कुटुंबातील दोन भाऊ होते. त्यांतील रिकी मेलेंदेस त्या वेळी दहा वर्षांचाही नव्हता. १९८४ मध्ये सर्वांत शेवटी तोच बाहेर पडला आणि मूळ पाचांपैकी कोणीही वृंदात उरले नाही. वृंद मात्र तेव्हा ऐन भरात होता. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन संकुलात त्याचे कार्यक्रम झाले, अमेरिकी दूरचित्रवाणीवर शनिवारच्या सकाळी ही मुले दिसू लागली, १९८५ मध्ये साओ पावलोचे मोरुंबी क्रीडांगण त्यांच्यासाठी भरले. स्पॅनिशखेरीज पोर्तुगीज आणि इंग्रजीतही ती गात होती. रिकी मेलेंदेसच्या जागी बारा वर्षांचा जो मुलगा आला तो पुढे रिकी मार्टिन म्हणून जगभर गाजला. नियम नेहमीच काटेकोरपणे पाळला गेला असे नाही. हा दुसरा रिकी १९८९ मध्ये बाहेर पडला तेव्हा सतरा वर्षांचा होता. पण नियमाला अपवाद करण्याचा अधिकारही नियम करणाऱ्याकडेच होता, हे विसरून चालणार नाही.

वृंदाच्या नावाकडे क्षणभर थांबून पाहायला हवे. प्वेर्तो रिकोच्या बोलीत ‘मेनुदो’ म्हणजे मोड, सुटे पैसे. मराठीत ‘चिल्लर’ हा शब्द जसा नाण्यांसाठी आणि लाडिक तुच्छतेने पोरासोरांसाठीही वापरला जातो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. हे नाव कोणी तत्त्वचिंतन करून ठेवले असण्याचा संभव नाही. पण भाषा कधी कधी बोलणाऱ्यापेक्षा अधिक सांगून जाते. नाण्याचा गुण हा की त्याच्या जागी त्याच मूल्याचे दुसरे नाणे ठेवले तर व्यवहारात काहीही बिघडत नाही. कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांत जो भेद केला तो नेमका येथेच उभा राहतो. ज्याच्या जागी तुल्यमूल्य असे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याला पर्यायच संभवत नाही त्याला प्रतिष्ठा असते. मेनुदोतील मुलांना मोठी किंमत होती, कदाचित त्यांच्या वयाच्या कोणत्याही मुलांना क्वचितच मिळेल इतकी. प्रश्न आहे तो दुसऱ्या पदाचा.

एवढ्यावर निर्णय देणे मात्र घाईचे ठरेल. माणसांच्या जागी माणसे येणे हे प्रत्येक संस्थेचे लक्षण आहे. सोस्यूरने भाषाव्यवस्थेतील तादात्म्य समजावताना जिनीव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या रात्री ८.२५ च्या एक्स्प्रेसचा दाखला दिला होता. डबे, इंजिन, कर्मचारी सगळे बदलले तरी आजची गाडी ही कालचीच गाडी असते, कारण तिचे असणे हे वेळापत्रकातील तिच्या स्थानावर अवलंबून असते. बुद्धिबळातील घोडा हरवला तर त्याच्या जागी कोणतीही वस्तू ठेवून खेळ पुढे चालवता येतो, हाही त्याचाच दृष्टांत. संरचनावादाच्या अभ्यासकाला मेनुदोसारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. येथे पाच स्थाने होती आणि मूल्य स्थानांना होते. स्थानावर येणारा मुलगा हा चिन्हकाच्या आशयहीन द्रव्यासारखा होता. संरचनेच्या दृष्टीने हे वर्णन पूर्ण आहे. पण या वर्णनात एक गोष्ट मावत नाही. पटावरून उचलून बाजूला ठेवलेल्या घोड्याला आपण उचलले गेलो हे कळत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला ते कळते.

मिलिंदपञ्होमधील रथाचा दृष्टांत येथे कोणी पुढे करील. चाक, आस, जू यांपैकी काहीच रथ नाही. रथ ही केवळ संज्ञा आहे. मग मेनुदो ही संज्ञाच होती असे म्हणण्यात गैर काय? गैर एवढेच की नागसेन रथाला नाममात्र ठरवतो तेव्हा स्वतःलाही त्याच न्यायाने नाममात्र ठरवतो. त्याचा विचार कोणालाच वगळत नाही. मेनुदोच्या व्यवस्थेत मुले अनित्य होती. नाव आणि नावाचा मालक हे दोन मात्र दीर्घकाळ नित्य राहिले. अनित्यतेचा सिद्धांत केवळ दुसऱ्यांना लागू केला की तो सिद्धांत राहत नाही, त्याचे व्यवस्थापन होते.

अधिक अवघड आक्षेप निराळा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. मुलांचे गायनवृंद युरोपात शतकानुशतके चालत आले आहेत. व्हिएन्नाच्या राजदरबाराच्या बालवृंदाची परंपरा १४९८ पर्यंत मागे नेली जाते. तेथेही आवाज बदलला की मुलगा बाहेर पडे. हायडनला सेंट स्टीफन्स कॅथीड्रलच्या वृंदातून आवाज बदलल्यावर काढून टाकले गेले आणि त्याच्यावर उपजीविकेसाठी वणवण करण्याची पाळी आली. तेव्हा परंपरेला निष्पाप ठरवून आधुनिक बाजाराला दोषी धरण्याचा सोपा मार्ग उपलब्ध नाही. शूबर्टचे उदाहरण त्या तुलनेत बोलके आहे. दरबारी वृंदात गाणाऱ्या या मुलाने २६ जुलै १८१२ या तारखेसह आपल्या स्वरलेखाच्या प्रतीवर, आज आपण शेवटचे आरवलो अशा अर्थाची नोंद करून ठेवली आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या आवाजाच्या फुटण्यावर केलेला हा विनोद आहे. हा विनोद त्याला करता आला, कारण गेला तो आवाज, संगीत गेले नव्हते. ज्या विद्यालयात तो राहत होता तेथे तो पुढेही वर्षभर राहिला आणि सालिएरीपाशी त्याचे शिक्षण चालू राहिले. वृंदात मुलगा एखाद्या प्रार्थनासंगीतातील वरचा स्वर गात असे. त्या स्वरासाठी त्याचा आवाज लागे, त्याचे मूलपण हा काही त्या संगीताचा आशय नव्हता. श्रोत्याला त्याचा चेहराही बहुधा ठाऊक नसे. मेनुदोत विक्रीला होते ते मूलपणच. गाणी त्याची निमित्ते होती, काही गाणी तर दुसऱ्या भाषांतील प्रौढ गायकांची रूपांतरे होती. उदाहरणार्थ, त्यांचे ‘क्लारिदाद’ हे गाणे इटालियन गायक उम्बेर्तो तोझ्झी याच्या गाण्यावरून घेतलेले. जेथे आवाज हे साधन असते तेथे तो बदलणे ही अडचण असते; जेथे वय हाच माल असतो तेथे वाढणे हा मालातील दोष ठरतो. भेद आहे तो येथे.

मराठी भाषेने या घटनेला दिलेला शब्द या ठिकाणी विचारात घेण्याजोगा आहे. मुलगा वयात येताना त्याचा कंठ फुटतो असे मराठीत म्हणतात. तोच शब्दप्रयोग पाखराच्या पिलाला आवाज येतो तेव्हा, आणि आजवर मुक्या राहिलेल्याला वाणी लाभते तेव्हाही वापरला जातो. इंग्रजीत आवाज मोडतो. मराठीत फुटतो, जसा कोंब फुटतो, पालवी फुटते. एका भाषेने जेथे मोडतोड पाहिली तेथे दुसरीने उगवणे पाहिले. मेनुदोच्या नियमाचे वैगुण्य असे की त्याने या घटनेचा एकच अर्थ ग्राह्य धरला. मुलाला स्वतःचा आवाज येण्याचा क्षण आणि त्याला गप्प करण्याचा क्षण एकच झाला.

या संदर्भात मराठी संगीत रंगभूमीचे स्मरण अपरिहार्यपणे होते, कारण मुलांच्या कंठाची काळजी तिच्याही व्यवहाराचा भाग होती. पण तेथील सर्वांत मोठे उदाहरण नेमक्या उलट्या दिशेचे आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांना लहानपणी टिळकांकडून मिळालेले ‘बालगंधर्व’ हे नाव १९६७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांना चिकटून राहिले. नावातील ‘बाल’ तसाच राहिला, माणूस म्हातारा झाला. वय उलटल्यावरही ते स्त्रीभूमिका करीत राहिले आणि रसिक त्या देहातून जुनी सिंधू आणि जुनी भामिनी पाहत राहिले. या निष्ठेत भाबडेपणा होता, व्यक्तिपूजा होती, कलादृष्ट्या तिचे तोटेही झाले. तथापि तिने माणसाला वाढण्याची, थकण्याची मुभा दिली. मेनुदोत नाव तरुण राहिले ते माणसे बदलून.

देहाला थांबवून आवाज राखण्याचा मार्गही इतिहासाला परिचित आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीत मुलांचे खच्चीकरण करून त्यांचा उंच आवाज आयुष्यभर टिकवला जाई. आजच्या विवेकाला ती प्रथा असह्य वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. मेनुदोने कोणाच्या देहाला शस्त्र लावले नाही. देह थांबत नाही म्हणून देहच बदलला. ही पद्धत सौम्य, सभ्य आणि कायद्याला धरून होती. पण एक विचित्र गोष्ट अशी की त्या क्रूर प्रथेतून आलेला फारिनेल्ली हा अखेरपर्यंत फारिनेल्लीच राहिला. त्याच्या जागी दुसरा फारिनेल्ली आणता येत नव्हता. क्रूरता कमी झाली म्हणजे वस्तुकरणही कमी झाले असे नाही. कित्येकदा वस्तुकरण पूर्णत्वाला जाते ते क्रौर्याची गरज संपल्यावरच.

मेनुदोच्या पतनाची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १९९० च्या अखेरीस मायामीच्या विमानतळावर वृंदातील दोन मुलांजवळ गांजा सापडला. १९९१ मध्ये काही पालकांनी मुलांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी गंभीर आरोप केले, दिआस यांनी ते नाकारले, आणि काही मुले एकाच वेळी बाहेर पडली. वृंद पुन्हा उभा केला गेला, पण पूर्वीची लोकप्रियता परत आली नाही. १९९७ मध्ये जुने नाव बाजूला पडून ‘एमडीओ’ हे नाव आले. २००७ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमातून पाच नवे तरुण निवडून जुने नाव पुन्हा वापरण्याचा प्रयत्न झाला, तोही अल्पजीवी ठरला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार भागांच्या माहितीपटात अनेक माजी सदस्यांनी अतिश्रम, एकाकीपणा आणि लैंगिक अत्याचार यांविषयी जाहीरपणे सांगितले.

या आरोपांचा निवाडा करणे हे समीक्षेचे काम नव्हे. पण त्यांच्या चर्चेचे स्वरूप नीतिविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. सारी नैतिक अस्वस्थता आरोपांभोवती गोळा झाली. नियम मात्र चर्चेत एक गमतीदार वैशिष्ट्य म्हणूनच उल्लेखिला जातो. जणू माणसे सज्जन असती, मुलांना पुरेशी झोप आणि पुरेसा पैसा मिळाला असता, तर त्या नियमात आक्षेप घेण्यासारखे काहीच नव्हते. गुन्ह्याचा विचार करणे सोपे असते, कारण त्यात गुन्हेगार असतो. ज्या व्यवस्थेत प्रत्येकाने आपापला शब्द पाळला तिचा विचार करणे अवघड, कारण तिच्यात बोट दाखवायला कोणी सापडत नाही. मात्र ज्या घरात प्रत्येक मूल बदलण्याजोगे असते तेथे तक्रार करणाऱ्या मुलापाशी काय बळ उरते, हा प्रश्न आरोपांच्या खरेखोटेपणाच्या आधीचा आहे. दाराबाहेर हजारो मुले रांगेत उभी आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तो बारा वर्षांचा मुलगा थकलो असेही म्हणणार नाही.

नियमाच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे आहे. ठरलेली मुदत मुलाला एका अर्थी वाचवते. जे बालकलाकार प्रौढपणीही जुन्या मूलपणाला चिकटून राहिले, त्यांची परवड सर्वश्रुत आहे. मेनुदोतील मुलाला पहिल्या दिवसापासून शेवटचा दिवस माहीत होता. फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. शिवाय मुलांना स्वतःला तेथे जायचे होते. ही इच्छा खोटी ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे? पण अकरा-बारा वर्षांचा मुलगा सोळाव्या वर्षाविषयी संमती देतो तेव्हा तो ज्याच्या वतीने संमती देतो तो माणूस अजून अस्तित्वातच आलेला नसतो. प्रौढांच्या करारांतही भविष्यातील स्वतःला बांधून घेणे असतेच. परंतु तेथे बांधणारा आणि बांधला जाणारा यांचा आवाज तरी एकच असतो. येथे करारच असा होता की बांधल्या जाणाऱ्याला आवाज फुटताक्षणी तो संपावा.

या वादात रिकी मार्टिनचे नाव हमखास निघते. त्याच्या १९९९ मधील जगप्रसिद्ध गाण्याच्या रचनेत रॉबी रोसा याचाही वाटा होता, आणि रोसाही मेनुदोतूनच बाहेर पडलेला. दोघांचेही शिक्षण त्या शाळेत झाले, मग ती शाळा वाईट कशी? बर्नार्ड विल्यम्सने नैतिक सुदैवाची चर्चा करताना गोगँचे उदाहरण घेतले होते. कुटुंब सोडून गेलेल्या चित्रकाराचे समर्थन, झालेच तर, त्याच्या चित्रांच्या यशानेच होऊ शकते, आणि ते यश आधी कोणाला ठाऊक नसते. पण गोगँने पणाला लावले ते आपले जीवन आणि आपल्या माणसांचे सुख. निर्णय त्याचा होता. मेनुदोत तीसहून अधिक मुले येऊन गेली. त्यांतील एकदोघांचे यश उरलेल्यांच्या खात्यावर जमा करता येत नाही. आणि त्या एकदोघांचे यश नियमामुळे आले की नियम संपल्यामुळे, हेही पाहायला हवे. दोघांनीही नाव मिळवले ते कंठ फुटल्यानंतरच्या आवाजात.

श्रोत्यांचा वाटा किती? सर्व दोष मालकाच्या माथी मारणे हीसुद्धा एक सोय आहे. निरागसता ही सौंदर्याची मागणी म्हणून पुढे येते तेव्हा ती कोण करतो? मेनुदोचा श्रोतृवर्ग मुख्यतः लहान आणि किशोरवयीन मुलींचा होता. न्यूयॉर्कसारख्या शहरात इंग्रजीच्या दडपणाखाली वाढणाऱ्या स्पॅनिशभाषक मुलींना स्वतःच्या भाषेत गाणारी, स्वतःसारखी दिसणारी मुले मोठ्या रंगमंचावर प्रथमच भेटली असतील. अ‍ॅडोर्नोच्या संस्कृतिउद्योगाच्या संकल्पनेत या आनंदाला जागा नाही, आणि ती त्या संकल्पनेची मर्यादा आहे. त्या मुली फसलेल्या ग्राहक नव्हत्या. त्यांनी प्रेम केले ते विशिष्ट मुलांवर, त्यांच्या नावांवर, चेहऱ्यांवर. नाण्याच्या व्यवहारात भाग घेऊनही त्यांनी नाणी नाण्यांसारखी वापरली नाहीत. एक मुलगा गेला की दुसरा आणून दिला जाई. पण म्हणून पहिल्यासाठीचे रडणे थांबत नसे. उद्योगाने बदलाची सवय लावू पाहिली आणि श्रोत्यांना ती पुरती लागली नाही.

गीतातील ‘मी’चा प्रश्न या ठिकाणी काव्यविचाराशी येऊन मिळतो. बेनव्हेनिस्तच्या म्हणण्यानुसार ‘मी’ म्हणजे जो ‘मी’ म्हणतो तो. या सर्वनामाला उच्चारणाऱ्याखेरीज दुसरा संदर्भ नाही. भावगीतातील ‘मी’ कोणीही वाचक आपला करू शकतो, आणि तसे केल्याने वाचकाच्या अनुभवात भर पडते. मेनुदोच्या गाण्यांतील ‘मी’ मात्र गणवेशासारखा होता. तो एका मुलाच्या अंगावरून उतरवून दुसऱ्याच्या अंगावर चढवला जाई, आणि मापाला बसेना झाला की मुलगा बदलला जाई. काव्यात ‘मी’ रिकामा असतो तो कोणालाही आत येता यावे म्हणून; येथे तो रिकामा ठेवला होता तो कोणाला राहता येऊ नये म्हणून.

१९९८ मध्ये रिकी मेलेंदेस, जॉनी लोसादा, रेने फार्रेत, मिगेल कान्सेल, चार्ली मास्सो आणि रे रेयेस हे सहा माजी सदस्य पुन्हा एकत्र आले. तिशीच्या आसपासची ही माणसे पोरवयात म्हटलेली तीच गाणी आता प्रौढ आवाजात म्हणू लागली. पाचाचा आकडा मोडला होता, वयाची अट मोडली होती, आणि वृंदाचे नाव ‘मेनुदो’ नव्हते. त्यांनी नाव घेतले ‘एल रेएन्क्वेन्त्रो’, म्हणजे पुनर्भेट. त्यांना ऐकायला माणसे लोटली. ज्या मुलांना उंचीमुळे, आवाजामुळे, वयामुळे जावे लागले होते, त्यांचीच नावे श्रोत्यांना पाठ होती.